वही, फूटपट्टी आणि निवडणुकीच्या बातम्या

२०१८ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या मंडळाची कोजागरी होती. गच्चीवर सतरंज्या, पातेल्यात आटवलेलं दूध, एक पेटी, एक तबला आणि चाळीस-पन्नास डोकी. विधानसभेचे दिवस होते. साडेदहाच्या सुमारास एक उमेदवार आले. वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार केला, अर्धा पेला दूध घेतलं, फोटो काढून घेतला आणि पुढच्या कोजागरीला निघून गेले. तिसऱ्या दिवशी एका हिंदी दैनिकात तीन कॉलमी बातमी आली : ‘मराठी समाज एकजुट, दिया समर्थन’. हजेरी लिहिली होती तीनशे. आमच्या गच्चीवर तीनशे माणसं उभी राहिली तर स्लॅब खाली येईल.

शेजारच्या वहिनी पेपर घेऊनच आल्या. “भाऊजी, आपण पाठिंबा कधी दिला हो?”

मी म्हटलं, “तुम्ही दूध दिलंत ना, तोच.”

नोकरीची सव्वीस वर्षं मी इथल्याच एका लहान जाहिरात एजन्सीत काढली. पेपरांत जागा बुक करायची, आरओ म्हणजे जाहिरात छापायचा लेखी आदेश काढायचा, छापून आलं की फूटपट्टी लावून बिल तपासायचं. त्यामुळे ती बातमी पाहिल्यावर रागाआधी गुणाकार सुरू झाला : तीन कॉलम गुणिले चौदा सेंटीमीटर, म्हणजे बेचाळीस कॉलम सेंटीमीटर. पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात धडधडीत खोटं फार थोडं आहे. उमेदवार आले होते, फोटो खरा होता, लोक मराठी होते. सगळा खेळ वजनाचा होता : किती जागा, कुठलं पान, कुठला शब्द. आणि वजन मोजता येतं. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मी एक वही ठेवत आलो. ती कशी ठेवायची आणि तिच्यातून काय वाचायचं, ते इथे सांगतो.

पहिलं पान स्वतःसाठी

पेपर उघडण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा : मी मत कोणाला देणार, कोणाचा चेहरा दिसला की चॅनेल बदलतो, घरात कुठला पेपर किती वर्षं येतो. ते पान दुमडून स्टेपल करा. कोणाला दाखवायचं नाही.

हे गमतीसाठी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही-बातम्या त्यांनी इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. बातम्या त्याच, पण दोन्ही गटांनी त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या आहेत असंच सांगितलं. आमच्या सकाळच्या पोह्यांच्या कट्ट्यावर हा प्रयोग रोज फुकट चालतो. एकच पेपर एका भियाला (इंदुरी ‘भैया’ला) सरकारी भोंपू वाटतो आणि त्याच बाकावरच्या दुसऱ्याला विरोधकांचा. दोघांनीही मोजलेलं काही नसतं.

काय वाचायचं आणि किती दिवस

एका दिवसाच्या अंकावरून पक्षपात ठरवू नका. ज्या दिवशी मोठ्या नेत्याची सभा झाली, त्या दिवशी पान त्याचंच असणार. सलग दोन आठवडे धरा. कायद्याप्रमाणे अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेनंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस जावे लागतात. खरा प्रचार तेवढ्यातच होतो, आणि वहीसाठी तोच काळ योग्य.

दोन स्थानिक हिंदी दैनिकं घ्या, मालक वेगवेगळे असलेली. जमलं तर एक इंग्रजी घ्या, आणि फोनवर एक मराठी. ज्याच्या घरी एकच पेपर येतो त्याने शेजाऱ्याशी अदलाबदल करावी. ग्रंथालयात जाऊन वाचायलाही हरकत नाही. मात्र आवृत्ती रोज तीच हवी. शहर आवृत्ती आणि बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती यांची पानं वेगळी लागतात. सांवेर-देपालपूरकडे जाणाऱ्या अंकात जी बातमी पहिल्या पानावर असते, ती शहरात सातव्या पानावर सापडू शकते.

मालकाचं नावही वहीत लिहून ठेवा. शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची बारीक ओळ असते. शिवाय मार्चच्या सुरुवातीला पेपर वर्षानुवर्षे ‘फॉर्म ४’ नावाचं निवेदन छापत आले आहेत. त्यात मालकीचा तपशील असतो. कोणीही न वाचणारा तो मजकूर मला अग्रलेखापेक्षा जास्त बोलका वाटतो. मालकाचा दुसरा धंदा काय आहे, बांधकाम की खाण की कॉलेज, हे कळलं की काही बातम्या का येत नाहीत याचा अंदाज बांधता येतो. पण तो अंदाजच. तो पुरावा म्हणून वहीत उतरवू नका.

रकाने आणि फूटपट्टी

आडव्या पानावर हे रकाने आखा : तारीख, पान, घडीच्या वर की खाली, उमेदवार किंवा पक्ष, जागा, फोटो आहे का, बायलाइन म्हणजे बातमीदाराचं नाव आहे का, कोणाचं बोलणं छापलंय, विषय, आणि शेवटी सूर. सुरासाठी अधिक, शून्य, उणे एवढ्याच तीन खुणा. पाच-सात छटा करायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद पडेल. माझी २०१९ ची तशीच पडली.

जागा मोजायची रीत सोपी. बातमी किती कॉलम रुंद आहे ते बघा, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा. मथळा आणि फोटो धरून मोजायचं. पहिल्या पानावर घडीच्या वर आलेल्या बातमीची जागा मी दुप्पट धरतो, कारण बऱ्याच घरांत पेपर तेवढाच वाचला जातो. तुम्ही दीडपट धरा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पहिल्या दिवशी जो नियम केला तोच चौदाव्या दिवशी पाळा.

आठवड्याने बेरीज केली की बहुतेक जण इथेच घाई करतात. एका पक्षाला ६० आणि दुसऱ्याला ४० आले, म्हणजे पेपर विकलेला! तसं नसतं. सत्तेत असलेल्यांच्या हातून रोज काही ना काही घडतं, त्याची बातमी होणारच. ज्याच्या सभा जास्त, त्याच्या बातम्या जास्त. म्हणून एकाच पेपरात दोन पक्षांची तुलना करून थांबू नका. त्याच दिवसांची दोन पेपरांची तुलना करा. सभा तीच, शहर तेच, आणि एका पेपरात ६०-४० तर दुसऱ्यात ८५-१५ असेल, तर त्या पंचवीस गुणांच्या फरकाचं उत्तर सभेत सापडणार नाही. ते पेपरच्या कचेरीत असतं.

विषयाच्या रकान्यात मी तीनच नोंदी करतो. ‘मुद्दा’ म्हणजे पाणी, रस्ते, नोकऱ्या, शाळा. ‘शर्यत’ म्हणजे कोण पुढे, कोण नाराज, कोणाचं तिकीट कोणी कापलं. ‘सोहळा’ म्हणजे हार, मिरवणूक, तुला, दर्शन. आमची कोजागरी तिसऱ्यात मोडते. शेवटी या तिघांची बेरीज बघा. माझ्या प्रत्येक वहीत शर्यत आणि सोहळा मिळून मुद्द्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत. हा झुकाव कुठल्याच पक्षाकडे नसतो, म्हणून त्याबद्दल कोणी भांडत नाही. मला तो सगळ्यांत महाग पडणारा वाटतो.

क्रियापदं तपासा

कमी खर्चात जास्त सापडतं ते इथे. मथळ्यातलं क्रियापद तेवढं खुडून वेगळ्या पानावर लिहा. हिंदीत एकाच भाषणाला ‘कहा’, ‘गरजे’, ‘बरसे’, ‘बौखलाए’, ‘सफाई दी’ असं काहीही म्हणता येतं. मराठीतही कमी नाही. ‘स्पष्ट केलं’ म्हटलं की माणूस खरं बोलतोय असं आपण धरून चालतो; ‘दावा केला’ म्हटलं की शंका आली; ‘सारवासारव केली’ म्हटलं की निकालच लागला. बोललेलं वाक्य तिन्हीकडे अक्षरशः तेच असू शकतं.

कसोटी अशी : मथळ्यातली दोन नावं अदलाबदल करून मोठ्याने वाचा. तरीही तो त्या पेपरात सहज छापून येईल असं वाटलं, तर शब्द सरळ आहे. हसू आलं तर वाकडा.

कर्ता गायब करणारी वाक्यंही टिपा. ‘आचारसंहितेचा भंग झाला’, ‘गोंधळ उडाला’, ‘दगडफेक झाली’. कोणी केली? एका पक्षाच्या वेळी कर्ता मथळ्यात आणि दुसऱ्याच्या वेळी कर्ता गायब, हे दोन आठवड्यांत चार वेळा दिसलं तर ते व्याकरणाचं काम नव्हे.

आणि आपल्याकडचा खास शब्द : ‘सौगात’, म्हणजे भेट. मध्य प्रदेशातल्या निवडणुकीच्या वर्षात पूल सौगात, दवाखाना सौगात, बस सौगात. इंदूरच्या हुकुमचंद मिलच्या कामगारांचंच घ्या. मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. देणी कोर्टकचेऱ्यांत अडकली. अखेर २५ डिसेंबर २०२३ ला सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. या रकमेला ‘सौगात’ म्हणायचं, ‘थकलेली देणी’ म्हणायचं की ‘हक्काचा पैसा’ म्हणायचं? रक्कम बदलत नाही, देणारा-घेणारा कोण हे बदलतं. ‘सौगात’ शब्द कोणाच्या नावापुढे किती वेळा आला, एवढंच एक पान केलंत तरी वही सार्थकी लागेल.

हीच कसोटी दोन राज्यांवर लावून बघा. आपल्यासारख्या इंदुरी मराठी घरांना ती सोय आयती आहे. इथे लाडली बहना योजनेचे १,००० रुपये जून २०२३ पासून मिळू लागले आणि विधानसभेच्या तोंडावर ऑक्टोबरात ते १,२५० झाले. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये २०२४ मध्ये, तिथल्या नोव्हेंबरच्या विधानसभेआधी सुरू झाले. योजना सख्ख्या बहिणीच म्हणा ना. आता तुमच्या हिंदी पेपरातले आणि फोनवरच्या मराठी चॅनेलवरचे दोन्ही योजनांसाठीचे शब्द शेजारी-शेजारी मांडा : सन्मान, मदत, भेट, रेवडी, तिजोरीवर बोजा. एकच संपादक आपल्या राज्यातल्या योजनेला एक शब्द आणि शेजारच्या राज्यातल्या योजनेला दुसरा वापरत असेल तर खूण करा.

फोटोचं काम लवकर उरकतं. गर्दी जवळून काढली की दाट दिसते, गच्चीवरून काढली की विरळ. एकाचा फोटो हार घातलेला, दुसऱ्याचा तोंड उघडं आणि डोळे मिटलेला. चौदा दिवसांचे फोटो कापून दोन रांगांत लावले की लेख वाचायची गरज उरत नाही.

पैसे घेऊन छापलेली बातमी

हा माझ्या धंद्याचा भाग, म्हणून जरा थांबतो. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापली तर त्यात गैर काही नाही. कोपऱ्यात ‘विज्ञापन’ लिहिलेलं असतं; हल्ली ‘इम्पॅक्ट फीचर’ वगैरे गोंडस नावंही देतात. गैर असतं ते जाहिरात बातमीच्या वेषात आली की. निवडणुकीत त्याला ‘पॅकेज’ म्हणतात. वाचक फसतो, शिवाय तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात दिसत नाही. मोठ्या राज्यांत खर्चाची मर्यादा २०२२ पासून लोकसभेला ९५ लाख आणि विधानसभेला ४० लाख आहे. मर्यादा पाळल्यासारखं दाखवायचं तर खर्च बातमीत दडवणं हा सोयीचा रस्ता.

ओळखायचं कसं? आरओ काढणारा माणूस काय बघतो ते सांगतो. बायलाइन नाही. मजकुरात एकही प्रश्न, एकही उणी बाजू, एकही विरोधी आवाज नाही. मथळ्याचा टाइप पानावरच्या इतर मथळ्यांपेक्षा किंचित वेगळा, कारण मजकूर बाहेरून तयार होऊन आलेला. जागा जाहिरातीच्या ठरीव मापात बसणारी. आणि सगळ्यांत पक्की खूण : तोच परिच्छेद, त्याच चुकांसकट, दुसऱ्या पेपरातही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभेच्या वेळी हेच उघड झालं होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दन् शब्द सारखे लेख आले होते आणि पत्रकार पी. साईनाथ यांनी ते शेजारी ठेवून दाखवले. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये या विषयावर सविस्तर अहवाल केला. तो पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला माहिती आयोगापर्यंत जावं लागलं. एकाच पानावर दोन प्रतिस्पर्धी उमेदवार दोघंही निवडून येणार असल्याच्या बातम्या, हा प्रकारही पॅकेजवाल्या पानांचाच.

कारवाई झालेली उदाहरणं थोडी आहेत. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना २०११ मध्ये निवडणूक आयोगाने तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. अशा बातम्यांचा खर्च हिशेबात न दाखवल्याबद्दल झालेली ती पहिली अपात्रता. आपल्या राज्यात दतियाचे आमदार नरोत्तम मिश्रा यांना २००८ च्या निवडणुकीतल्या बातम्यांवरून आयोगाने जून २०१७ मध्ये तसंच अपात्र ठरवलं, आणि मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निवडणूक २००८ ची, आयोगाचा निर्णय २०१७ चा : मधल्या काळात विधानसभेची आणखी एक निवडणूक होऊन गेली. पैसे रोखीत जातात, त्याची पावती नसते. म्हणून वहीत ‘पेड’ असं कधीही लिहू नका. ‘संशयास्पद’ लिहा आणि खुणा नोंदवा.

सरकारी जाहिरातीही नजरेआड करू नका. आचारसंहिता लागायच्या आधीचे महिना-दोन महिने पूर्ण पानी जाहिराती मोजा, आणि त्याच काळात त्या पेपरातला सरकारवर टीका करणारा मजकूरही मोजा. सरकारी जाहिरातीत फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच फोटो असावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी मुख्यमंत्री, राज्यपाल आणि मंत्र्यांनाही मुभा मिळाली. तेव्हापासून हसरे चेहरे परत आले, आणि आमच्या एजन्सीचं बिलिंगही.

आकडे : खरे, तरीही वाकडे

इंदूरची २०२४ ची लोकसभा यासाठी उत्तम धडा आहे. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. काँग्रेसने मग ‘नोटा’ दाबा असा प्रचार केला. १३ मे रोजी मतदान झालं. भाजपचे शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मतं मिळाली, दुसऱ्या क्रमांकावरच्या बसप उमेदवाराला ५१,६५९, आणि नोटाला २,१८,६७४.

आता मथळे करा. ‘११ लाख ७५ हजारांचं विक्रमी मताधिक्य’ : खरं. ‘नोटाचा देशात विक्रम’ : तेही खरं, कारण आधीचा उच्चांक २०१९ चा बिहारच्या गोपालगंजचा, ५१,६६० चा होता. नोटा हा उमेदवार नाही, म्हणून मताधिक्य बसपच्या मतांवरून मोजलं जातं. नोटाच्या तुलनेत फरक काढला तर तो १०,०८,०७७ येतो. झालेल्या मतांपैकी सुमारे १४ टक्के नोटाला गेली. शिवाय मतदान २०१९ पेक्षा घसरलं होतं. यातला एकही आकडा चुकीचा नाही. पेपरने कुठला आकडा मथळ्यात घेतला, कुठला चौकटीत आणि कुठला वगळला, ते वहीत लिहायचं. हे सगळे आकडे पहिल्या पानावर देणारा पेपर तुमच्या आवडीचा नसला तरी त्याला एक गुण द्या.

मतांची टक्केवारी आणि जागा यांची गल्लत हा दुसरा सापळा. २०१८ मध्ये मध्य प्रदेशात भाजपला ४१.०२ टक्के मतं आणि १०९ जागा, काँग्रेसला ४०.८९ टक्के मतं आणि ११४ जागा मिळाल्या. मतं जास्त, जागा कमी. २०२३ मध्ये काँग्रेसची मतं जेमतेम अर्ध्या टक्क्याने घटून ४०.४० वर आली, पण जागा ६६ वर. कारण भाजप साडेअठ्ठेचाळीस टक्क्यांवर पोचला होता. ‘काँग्रेस कोसळली’ आणि ‘भाजप वाढला’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आकड्यांना दुसरं जास्त शोभतं.

सर्वेक्षण छापून आलं की चार गोष्टी शोधा : किती लोकांना विचारलं, कुठे, कधी, आणि पैसे कोणी दिले. हजार जणांच्या नमुन्यात, तो कितीही चोख निवडला तरी, इकडे-तिकडे तीन टक्क्यांची चूक गृहीतच असते. २०१८ मधला दोन पक्षांतला फरक ०.१३ टक्क्यांचा होता. तो पकडणारं सर्वेक्षण अजून जन्माला यायचंय. २०२३ च्या एक्झिट पोलमध्ये काहींनी भाजपला १४० ते १६२ जागा दिल्या होत्या, काहींनी काँग्रेसला पुढे ठेवलं; निकाल १६३ आला. २०२४ मध्ये बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, प्रत्यक्षात २९३. ज्या वाहिनीने स्वतःच्या चुकलेल्या पोलची चर्चा निकालाच्या दिवशी केली, तिचं नाव लिहून ठेवा. फार शाई लागणार नाही.

कायदाही लक्षात असू द्या : पहिल्या टप्प्याचं मतदान सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवता येत नाहीत. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीसारख्या माध्यमांवर जनमत चाचण्याही नाहीत. त्या ४८ तासांत वाहिनीवर ‘लोकांचा कल’ सांगणारी चाचणी आली तर तारीख-वेळ टिपून ठेवा.

जे छापलंच नाही

न छापलेलं मोजायला फूटपट्टी नाही, यादी लागते. प्रचार सुरू व्हायच्या आधीच तुमच्या वस्तीतले पाच प्रश्न लिहून ठेवा. आमच्या यादीत होतं : नर्मदेचं पाणी एक दिवसाआड का, पावसात चौकात गुडघाभर पाणी का, सिटीबस संध्याकाळी का मिळत नाही. रोज बघायचं, यातल्या कशावर कोणा उमेदवाराला पत्रकाराने विचारलं का.

दुसरी यादी उमेदवारांच्या शपथपत्रांची. फॉर्म २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे सगळं असतं आणि आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतं. गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराला ते प्रचारकाळात तीन वेळा पेपरात आणि टीव्हीवर जाहीर करावे लागतात. त्या जाहिराती येतात, पण कुठल्या पानावर, वधू-वर सूचक मंडळाच्या शेजारी की आणखी कुठे, ते बघण्यासारखं असतं. आणि त्यावर पेपरने स्वतःची बातमी केली का, हे त्याहून.

टीव्ही आणि फोन

टीव्हीसाठी फोनमधलं स्टॉपवॉच पुरे. अर्ध्या तासाच्या चर्चेत प्रत्येक बाजूला किती सेकंद मिळाले, किती वेळा मध्येच तोडलं आणि शेवटचा शब्द कोणाचा, एवढंच टिपा. अँकरचे सेकंद वेगळे मोजा. बऱ्याचदा तोच पहिला येतो. पडद्यावरच्या पट्टीतलं प्रश्नचिन्हही मोजा : ‘घोटाळा?’ असं लिहिलं की आरोपही झाला आणि जबाबदारीही टळली.

फोनवर मेटा आणि गूगल या दोघांच्या जाहिरात-संग्रहात जाऊन उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव टाका. कोणी किती खर्च करून कुठली जाहिरात चालवली ते दिसतं. ‘इंदूर की आवाज’ छापाच्या नावाचं एखादं पान बातम्या देतंय असं वाटावं आणि त्यामागे पैसे भलत्याच कोणाचे असावेत, असं तिथे सापडू शकतं. कौटुंबिक ग्रुपवर आलेली क्लिप पुढे ढकलण्याआधी मूळ व्हिडिओ शोधा. २०२३ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’च्या क्लिपमध्ये आवाज बदलून मुख्यमंत्र्यांवरचा प्रश्न घुसडलेला व्हिडिओ फिरला आणि वाहिनीला खुलासा करावा लागला. आमच्या ग्रुपवर तो पाठवणारे काका निवृत्त न्यायालयीन कर्मचारी होते.

तक्रार करायची असेल तर

पेड बातमीचा संशय असेल तर जिल्हा निवडणूक कार्यालयातल्या माध्यम प्रमाणन व निरीक्षण समितीकडे जा. वेळ घालवू नका : उमेदवाराला नोटीस प्रकाशनापासून ९६ तासांच्या आत जावी लागते, म्हणजे कात्रण दोन दिवसांत पोचलं पाहिजे. अंक पूर्ण ठेवा, नुसतं कात्रण नको. आवृत्तीचं नाव आणि तारीख दिसली पाहिजे. दुसऱ्या पेपरातला सारखा मजकूर सोबत जोडा आणि जुळणाऱ्या ओळी अधोरेखित करा. पैसे वाटप, विनापरवाना मिरवणूक असलं काही डोळ्यांसमोर घडत असेल तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. त्यावर १०० मिनिटांत दखल घ्यायची असते. पेपरातल्या झुकावासाठी ते कामाचं नाही.

छापील मजकुराबद्दल आधी संपादकाला लिहा, मग प्रेस कौन्सिलकडे. दैनिकाबद्दलची तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते. कौन्सिल समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते, दंड करू शकत नाही. टीव्हीबद्दल आधी वाहिनीला, तेही प्रसारणानंतर सात दिवसांत. समाधान झालं नाही तर वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या एनबीडीएसए या प्राधिकरणाकडे. ते सदस्य वाहिन्यांपुरतंच. पत्रात ‘तुम्ही विकले गेलात’ असं लिहू नका. ते वाचून कोणी शहाणं होत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुकपर्यंत इतके कॉलम सेंटीमीटर’ असं लिहा.

कोजागरीच्या त्या बातमीवर मी असंच पत्र लिहिलं होतं. हजर माणसं पन्नासच्या आत, पाठिंब्याचा ठराव नाही, मंडळाला राजकीय भूमिका नाही, खाली अध्यक्षांसह अकरा सह्या. दोनदा फोन केला. आठव्या दिवशी ते आतल्या पानावर, पत्रांच्या रकान्यात, हवामानाच्या चौकटीखाली आलं. सह्या गाळल्या होत्या आणि ‘पन्नासच्या आत’ हे शब्दही. वहिनींनी विचारलं, “आलं का हो आपलं?” मी फूटपट्टी लावली. एक कॉलम गुणिले पाच सेंटीमीटर.